अंगणातली गुळवेल आणि माझी हिशेबाची वही



मागच्या रविवारी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. आपल्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे पुंडलिकनगरातल्या बायकांना सांगायला नको. टाकी, पिंप, हंडे, बादल्या सगळं भरून होईपर्यंत कमरेचा काटा ढिला होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक सूनबाई फाटकाशी आली. म्हणाली, "काकू, तुमच्या लिंबावरची वीतभर गुळवेल द्या ना. ह्यांची शुगर दोनशे चाळीस आलीय. ग्रुपवर आलंय की गुळवेलीचा काढा आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण तीन महिने घेतलं की गोळी सुटते."

मी नाही म्हणाले. कारण सांगायला तोंड उघडलं, तर इकडे टाकी वाहायला लागली. मी वर पळाले आणि ती तोंड एवढंसं करून गेली. संध्याकाळी मंदिरात कुणीतरी मला म्हणालंच, "एवढ्याशा काडीसाठी नाही म्हणालात म्हणे!"

तर हा लेख त्या काडीसाठी. जरा लांबेल.

२०२० सालचा उन्हाळा आठवा. घराबाहेर पडायचं नाही, बातम्या ऐकवत नाहीत, आणि हातात करण्यासारखं एकच काम होतं, काढा. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी. आमच्या कुंपणाजवळच्या लिंबावर सासूबाईंच्या वेळची गुळवेल होती, चांगली अंगठ्याएवढ्या जाडीची. लिंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात गुणकारी असं त्या म्हणत. ती मी काढ्यात घालायला लागले. पहिल्या आठवड्यात आमच्या घरापुरती, मग भावजींच्या घरी, मग शेजारी. ज्याला हवी त्याला मी विळीने तुकडे करून कागदात बांधून देत होते. आपल्याकडून काहीतरी सेवा होतेय, असं वाटायचं. दान तर दान, आणि पैसा एक खर्च नाही.

एकीनेच घेतली नाही. माझी एक श्वेतांबर मैत्रीण आहे. तिने सांगितलं, "आमच्याकडे बत्तीस अनंतकायांची यादी आहे, त्यात गुळवेल येते. मी नाही पिणार." मी हसले होते. म्हटलं, आलं-लसूण ठीक, कंदमुळं ठीक, पण ही वेल तर जमिनीच्या वर! तिने शांतपणे सांगितलं, "तोडून टाकलेला तुकडाही परत फुटतो ना? म्हणून." गोष्ट खरी होती. गुळवेलीचा तुकडा भिंतीवर टाकून ठेवा, त्यालाही अंकुर येतो. संस्कृतात तिला अमृता म्हणतात ते काही उगाच नाही.

माझी धाकटी जाऊ तेव्हा पंचेचाळिशीची. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, बाकी काही नाही. ती माझं ऐकणारी. मी सांगितलं तसा तिने जूनपासून रोज एक पेला काढा घेतला. एक दिवस चुकवला नाही. दिवाळीच्या आधी तिला थकवा यायला लागला. मग अंगाला खाज. आम्ही म्हटलं, काढा उष्ण पडला असेल, पित्त झालं असेल. आणि उपाय काय केला ऐका: दालचिनी-मिरी बंद केली आणि गुळवेल वाढवली, कारण गुळवेल पित्तशामक! आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो.

डोळे पिवळे दिसले तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" तिने सांगितलं, "फक्त थायरॉईडची." मी शेजारीच बसले होते, मीही मान डोलावली. आम्ही खोटं बोललो नव्हतो. काढा हे औषध आहे असं आमच्या दोघींच्याही मनात आलं नाही, एवढंच. एसजीपीटी नऊशेच्या वर होता. कावीळ म्हणून पथ्य सांगितलं, तपासण्या झाल्या, हिपॅटायटिसचे विषाणू कुठलेच सापडले नाहीत. तीन आठवडे असेच गेले आणि त्या तीन आठवड्यांत ती माझा काढा पीतच होती. पुढे पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "घरात काय काय घेता? काढा, चूर्ण, रस?" तेव्हा आमच्या दोघींची नजरानजर झाली.

त्यांनी काढा त्याच दिवशी बंद करायला सांगितला. यकृताचा तुकडा काढून तपासला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उठली आहे, असं चित्र दिसलं. गोळ्या सुरू झाल्या. आकडे खाली यायला तीन महिने लागले. "गुळवेलीनेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आता तिला पुन्हा देऊ नका." मी पुन्हा कुणालाच दिली नाही.

यानंतर मी वाचायला बसले. मी बी.कॉम., विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण वही कशी तपासायची ते मला येतं. जमेच्या बाजूला एंट्री आहे, तर तिचं व्हाउचर कुठे आहे? आणि खर्चाची बाजू कोरी का? कुठलाही धंदा असा नसतो ज्यात नुसती जमाच जमा असते. मुलाने आणि सुनेने इंटरनेटवरून कागद काढून दिले, इंग्रजी शब्द अडले तिथे सुनेने समजावले. गुळवेलीबद्दल वाचताना मला आश्चर्य वाटलं की तिचा निम्मा इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. त्यांचं "वृक्षगान" आणि "फुलवा" तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. झाडांवर इतक्या मायेने लिहिणारी ही बाई औषधशास्त्राची प्राध्यापक होती आणि आयुर्वेदातल्या वनस्पतींची तपासणी प्रयोगशाळेत आणि रुग्णांवर करायची, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "वॉर्ड नंबर पाच, के.ई.एम." लिहिणारे शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि डॉ. निर्मला रेगे हेही त्या कामात होते. कर्करोगाच्या गाठीने पित्ताची वाट अडली की होणारी कावीळ वेगळी. त्यात प्रतिकारशक्ती खचते, आणि ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाने माणूस दगावतो. १९९३ साली त्यांनी छापलेल्या कामात असे ३० रुग्ण होते. काहींना नेहमीचे उपचार, काहींना नेहमीचे उपचार आणि वर गुळवेल. नुसत्या नेहमीच्या उपचारांत ऑपरेशननंतर ४० टक्के तगले, गुळवेलीच्या गटात ९२ टक्के. ३० माणसं म्हणजे काही फार नाहीत. तरी हा आकडा वाचून मी सुनेला म्हटलं, "बघ, सासूबाई बरोबर होत्या."

सून म्हणाली, "आई, कुणाला दिली, किती दिली, किती दिवस दिली, ते पण वाचा."

तेच तर! के.ई.एम.मध्ये ती खचलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला दिली होती. वजनाप्रमाणे मात्रा मोजून, ऑपरेशनच्या आधी, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर, तपासण्यांसह. मी ती दिली ते घरातल्या धडधाकट बाईला, वीत मोजून, पाच महिने. आणि तिची प्रतिकारशक्ती खचलेली नव्हतीच. आपल्या बायकांमध्ये थायरॉईडचा जो आजार फार दिसतो, त्यात पुष्कळ वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडच्या ग्रंथीवर हल्ला करत असते. जे सैन्य आधीच आपल्या माणसांवर उलटलं आहे, त्याला आणखी दारूगोळा पुरवायचा का? "इम्युनिटी वाढवा" हा २०२० सालचा मंत्र सगळ्यांनी जपला, पण ती प्रत्येकाची वाढलेली चांगली का, हे आपण कुणालाच विचारलं नाही.

दुसरा कागद पुण्याचा. त्यात गुडघेदुखी आहे, म्हणजे आपल्या मंदिरातल्या निम्म्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचा आजार. डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालईचा गुग्गुळ यांच्यापासून केलेली आयुर्वेदिक औषधं घेतली आणि ती थेट ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या चालू औषधांसमोर उभी केली. ४४० रुग्ण, चार गट, २४ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मला ही पद्धत फार आवडली. आपण जाहिरातीत ऐकतो, "माझ्या मामेबहिणीला आठ दिवसांत फरक पडला." मामेबहिणीला ठाऊक असतं की आपण काय घेतोय, म्हणून निम्मा फरक तिथेच पडतो. इथे ती सोयच ठेवली नव्हती.

निकाल २०१३ साली छापला. आयुर्वेदिक औषधांनी दुखणं कमी केलं, आणि ते ग्लुकोसामाइन-सेलेकॉक्सिबच्या तोडीस तोड! आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्या माणसाने पेढे वाटावेत असा निकाल. पण त्याच कागदात, लपवून नाही, सारांशातच, पुढे लिहिलं आहे की आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या काही रुग्णांचा एसजीपीटी वाढला. त्यांना काही त्रास होत नव्हता. ७ जणांचं औषध थांबवावं लागलं, थांबवल्यावर आकडे खाली आले. ही वाढ अनपेक्षित आहे, सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा, असं त्यांनी स्वतःच म्हटलं.

२०१३! आणि मी २०२० मध्ये विळी घेऊन गुळवेल वाटत होते. आता त्या औषधात चार वस्तू होत्या, एसजीपीटी कशाने वाढला हे त्यावरून सांगता येत नाही, हे मला समजतं. पण एवढी एक ओळ माझ्यापर्यंत कुणी पोचवली असती, तर जावेच्या अंगाला खाज सुटल्यावर मी गुळवेल वाढवली नसती. "तोडीस तोड" ही बातमी पोचते. एसजीपीटीची ओळ पोचत नाही.

तिसरा कागद पुन्हा मुंबईचा. डॉ. आभा नागरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ६ रुग्णांची हकीकत छापली. सगळ्यांनी टाळेबंदीच्या काळात गुळवेल घेतली होती आणि सगळ्यांच्या यकृताला इजा झाली होती. काहींना आधीपासून यकृताचा छुपा आजार होता, त्याचा त्यांनाच पत्ता नव्हता. त्यांचं वर्णन वाचताना मला जाऊच दिसत होती. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून छापली गेली. निम्म्याहून अधिक बायका. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मधला काळ ४६ दिवसांचा.

यावर आयुष मंत्रालयाने मुंबईच्या डॉक्टरांवर टीका केली. अभ्यास दिशाभूल करणारा आहे, ती वनस्पती गुळवेलच होती का हे यांनी तपासलं नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत, असं म्हटलं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. सारखी दिसणारी दुसरी जात आहे, हे खरं. पण मग मला विचारावंसं वाटतं: शिकलेल्या डॉक्टरांना जर गुळवेल ओळखता येत नाही, तर आम्हा बायकांना हृदयाच्या आकाराचं पान बघून ती ओळखायला कुणी सांगितलं? त्याच मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या कोविड सूचनांत गुडूची घनवटी होती, आणि तिथे मुदतही होती: पंधरा दिवस किंवा महिनाभर, किंवा वैद्य सांगतील तसं. आमच्यापर्यंत "गुळवेल" हा शब्द आला आणि मुदत गळून पडली. ४६ दिवसांचा आकडा त्या महिन्याच्या शेजारी ठेवून बघा.

आता काहीजणी म्हणतील, काकू अॅलोपथीवाल्या झाल्या. नाही हो. माझ्या बीपीच्या गोळीवरून मला एक गोष्ट सापडली, ती सांगते.

सर्पगंधेचं मूळ आपल्या देशात पिढ्यानपिढ्या वेडावर आणि झोपेसाठी वापरत. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हृदयरोग मासिकात लेख लिहिला. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी सर्पगंधा देऊन बघितली होती. त्याआधी कोलकात्याला सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं, पण जग जागं झालं ते वकिलांच्या लेखाने. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. आपल्या परसातल्या मुळाने साऱ्या जगाच्या रक्तदाबाला पहिल्यांदा लगाम घातला, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आणि पुढे? रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, खचतात, असं डॉक्टरांना दिसायला लागलं. ते लिहिलं गेलं, मात्रा कमी झाल्या, नवी औषधं आली तसं ते मागे पडलं. आज माझ्या पाकिटावर दुसरंच नाव आहे. मूळ आपलं होतं म्हणून कुणी उदासी लपवली नाही.

अॅलोपथीची औषधं साधी आहेत असं मी म्हणतच नाही. पुण्याच्या अभ्यासातल्या सेलेकॉक्सिबचंच भावंड, रोफेकॉक्सिब, हृदयविकाराचे झटके वाढतात म्हणून २००४ साली जगभरातून मागे घ्यावं लागलं. तेही कंपनीने आधी गोडगोड बोलूनच विकलं होतं. पण ते मागे घेता आलं, कारण कुणीतरी मोजत होतं. गुळवेल कोण मोजतंय? आपल्याकडे जुन्या ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलेल्या औषधाला परवाना देताना रुग्णांवर नव्याने चाचणी मागितली जात नाही. हजारो वर्षांचा अनुभव हाच पुरावा धरतात. अनुभवाला माझा मान आहे. पण त्या ग्रंथांच्या काळी वैद्य नाडी बघून, प्रकृती बघून, ऋतू बघून, एका माणसाला एक औषध देत असे. वॉट्सअॅपवरून पाच हजार बायकांना एकच काढा, हे कुठल्या संहितेत आहे?

म्हणून मला राग येतो तो आयुर्वेदाच्या नावाने ओरडणाऱ्यांचा. माझ्या मते आयुर्वेदाची खरी सेवा केली ती के.ई.एम. आणि पुण्याच्या लोकांनी. त्यांनी तो तोलून बघितला, आणि पारडं जिथे खाली गेलं तेही लिहिलं. "शुगर मुळापासून बरी" म्हणणाऱ्यांनी नाही केली. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला तर कायद्याने १९५४ सालापासून बंदी आहे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. तरी रोज सकाळी सुविचाराच्या खाली तीच जाहिरात येते, आणि आपणच ती पुढे पाठवतो.

स्वाध्यायात आपण स्याद्वाद शिकतो. पुष्कळांना वाटतं, त्याचा अर्थ "तुमचंही खरं, आमचंही खरं, चला चहा घेऊ." तसं नाही. "स्यात्" म्हणजे अमुक अपेक्षेने. गुळवेल गुणकारी आहे, हे कोणत्या अपेक्षेने? कुणाला, कोणत्या आजारात, किती, किती दिवस? हे चार प्रश्न न विचारता "गुणकारी आहे" म्हणणं म्हणजे एकांतच झाला. आणि "घातक आहे" म्हणणं हाही एकांतच. मी आता वेलीला शिव्या देत नाही.

गंमत बघा, औषधाच्या बाबतीत आपण जैन बायका एरवी किती चौकशी करतो! कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं तर नाही ना? अनुपान मधाचं असेल तर गुळातून चालेल का? अश्वगंधा म्हणजे मूळच, मग घ्यायची कशी? आसव-अरिष्टात आंबवलेलं असतं, ते नको. संध्याकाळची गोळी सूर्यास्ताच्या आत घेतली तर चालेल का? माझ्या मुलाचा औषधवाला मित्र म्हणतो, तुमच्या घरातून आलेलं गिऱ्हाईक पाकिटाच्या चारी बाजू वाचतं. एवढी चौकस आपली जात, आणि "हे माझ्या थायरॉईडच्या, शुगरच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालेल का" हा एक प्रश्न तेवढा राहून जातो. माझ्या श्वेतांबर मैत्रिणीचं यकृत ठणठणीत राहिलं ते अनंतकायाच्या नियमामुळे. म्हणून शास्त्रात यकृताचं विज्ञान लिहिलं होतं असं मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही. पण काहीही तोंडात घालण्याआधी थांबायची सवय तिला होती, मला नव्हती.

आता आमच्या घरात एक वही आहे. जुनी किराण्याची होती, अर्धी कोरी. प्रत्येकाचं एक पान. डॉक्टरांची गोळी, वैद्यांचं चूर्ण, मी दिलेला काढा, मेथीचं पाणी, सगळं तारखेनिशी. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर. एका डॉक्टरांनी चष्मा काढून ती दोन मिनिटं वाचली आणि सासऱ्यांचं एक चूर्ण बंद केलं. दुसऱ्यांनी बाजूला सारली. त्यांच्याकडे आम्ही परत गेलो नाही. औषधाचा उलटा परिणाम झाला असं वाटलं, तर सामान्य माणसालाही कळवता येतं. त्यासाठी सरकारचा १८००-१८०-३०२४ हा फुकटचा क्रमांक आहे. २०२० मध्ये हा क्रमांक मला कुणी दिला असता, तर माझ्या जावेची एक ओळ तरी कुठल्यातरी मोठ्या वहीत चढली असती. ती चढली नाही. गल्लीत मी कितीजणींना तुकडे दिले आणि त्यांतल्या कुणाला काय झालं, याचा हिशेब माझ्याकडे नाही. हे मला अजून टोचतं.

त्या सूनबाईकडे मी परवा गेले. तिच्या यजमानांनी गोळी बंद केली नव्हती, तेवढं बरं. जांभळाच्या बियांचं चूर्ण मात्र सुरू झालं होतं. मी म्हटलं, घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि शुगर रोज लिहून ठेवा, चढली तरी आणि उतरली तरी. तिने चहा दिला. गुळवेलीचं पुन्हा काही बोलली नाही.

वेल मी २०२१ सालीच बुडापासून कापली होती. गेल्या पावसाळ्यात लिंबाच्या फांदीवर अडकून राहिलेल्या एका तुकड्याने दोऱ्यासारखी मुळं खाली सोडली आणि ती जमिनीला टेकली. आता पुन्हा पानं आली आहेत. मी विळी घेऊन बाहेर आले, तर जाऊ ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. म्हणाली, "असू द्या ताई. दिसते छान."